पडद्यावर सगळं ठीक, आवाज मात्र पाण्याखालून

पत्र: नमस्कार. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी माळ्यावरचा त्यांचा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर खाली काढला. व्हॉल्व्हवाला आहे, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा; स्पीकर वेगळ्या पेटीत. चित्र स्वच्छ येतं, पण आवाजाची तऱ्हा विचित्र. सतत घूंऽऽ चालू असतं. माणसं रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखी बोलतात. गाणं लागलं की सूर पाण्यावरच्या होडीसारखा डुचमळतो. आणि पंधरा-वीस मिनिटांनी आवाज बसत बसत जवळजवळ बंदच होतो. एका दुरुस्तीवाल्यांनी पाहून सांगितलं, अ‍ॅम्प्लिफायर गेलाय, काढून नवा बसवू. बसवू का? आणखी एक. एका घरगुती रिळात आजी गाताना दिसते. ते लावलं की नुसती फटफट ऐकू येते, मोटारसायकलसारखी. ते दुरुस्त होईल का?

उत्तर: नका बसवू. निदान आत्ता तरी नको.

तुमच्या पत्रात यंत्राच्या चार तक्रारी आहेत आणि त्या चारही एकाच जागेवरून येत असतील असं मला वाटत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला त्यातली फार तर दीड येईल. बाकीचं बाहेर आहे, झाकण उघडलं की डोळ्यांना दिसेल असं. त्या दुरुस्तीवाल्यांना मी फार दोष देणार नाही. ज्याला जे उघडता येतं तिथेच त्याला बिघाड दिसतो. पण नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवूनही तुमची होडी डुचमळतच राहील, हे मी आजच लिहून देतो.

फिल्मवरचा आवाज तारेत शिरण्याआधी उजेड असतो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. बोलपटाचं एखादं रीळ खिडकीपाशी धरून बघा. एका कडेला भोकं, दुसऱ्या कडेला एक अरुंद पट्टी. पट्टीत करवतीच्या दात्यांसारखी काळी-पांढरी नक्षी असेल, नाहीतर शिडीच्या पायऱ्यांसारख्या करड्या आडव्या रेघा. तोच आवाज. प्रोजेक्टरमध्ये चित्राच्या खिडकीनंतर फिल्म खाली उतरते आणि एका गुळगुळीत ढोलाला वळसा घालते, तो साउंड ड्रम. त्याच्या शेजारी एक छोटा दिवा असतो, एक्सायटर लॅम्प. त्याचा उजेड भिंगातून केसापेक्षा बारीक रेघ होऊन पट्टीवर पडतो, नक्षीप्रमाणे कमी-जास्त होत पलीकडे जातो आणि फोटोसेलवर आदळतो. फोटोसेल त्या लुकलुकीची वीज करतो. अ‍ॅम्प्लिफायरचा संबंध इथून पुढे येतो.

किती बारीक काम आहे बघा. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने फिल्म सेकंदाला सुमारे १८३ मिलिमीटर सरकते. पाच हजार हर्ट्झचा सूर घेतला, म्हणजे 'स', 'श' ज्या प्रदेशात राहतात तिथला, तर त्याची एक लाट फिल्मवर जेमतेम ०.०३७ मिलिमीटर लांब भरते. माणसाचा केस याच्या साधारण दुप्पट जाड. भिंगावर बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी ही लाट पुसली जाते, आणि तुमचं यंत्र तर कित्येक वर्षं माळ्यावर होतं.

आता परीक्षा सुरू करू. त्याआधी मेन्सची वायर बघून घ्या. जुन्या रबराची असेल तर वाकवल्यावर तडकते, तशी असेल तर आधी ती बदला. यंत्रावरच्या पट्टीवर ११० व्होल्ट लिहिलं असेल तर व्होल्ट उतरवणारा मधला ट्रान्सफॉर्मर पुरेशा ताकदीचा आहे ना, तेही बघा. आणि स्पीकरची वायर काढून ठेवून व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिली परीक्षा पत्त्याची. खेळायचा पत्ता किंवा व्हिजिटिंग कार्ड घ्या. फिल्म न लावता यंत्र चालू करा, व्हॉल्व्ह तापू द्या, आवाज निम्म्यावर ठेवा. एक्सायटर लॅम्प लागलेला असेल. आता ढोल आणि भिंग यांच्यामधून पत्ता झटकन आडवा न्या. स्पीकरमधून 'ठप्' असा आवाज आला पाहिजे. आला, तर फोटोसेल जिवंत, अ‍ॅम्प्लिफायर जिवंत, स्पीकर जिवंत. तुमचं यंत्र पंधरा मिनिटं का होईना बोलतं, त्यामुळे 'ठप्' येईलच. पण तो किती जोरात येतो ते कानात साठवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तोच पत्ता आता भिंगासमोर धरूनच ठेवा, उजेड पूर्ण अडवा, आणि घूंऽऽ ऐका.

घूं थांबली किंवा बरीच उतरली, तर ती उजेडातून येते आहे. एक्सायटर लॅम्पला साधा मेन्सचा एसी पुरवला तर तो सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, कारण ५० हर्ट्झच्या विजेत प्रत्येक फेऱ्यात दोनदा शिखर येतं. डोळ्याला ते कळत नाही, फोटोसेलला कळतं. म्हणून या दिव्याला एकतर गाळून घेतलेला डीसी देतात, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरमधल्या एका व्हॉल्व्हने तयार केलेला इतक्या वरच्या कंपनाचा एसी, की कानाला तो ऐकूच येत नाही. डीसी असेल तर तो गाळणारा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून सोडणारा भाग, वाळला की घूं सुरू होते. दुसऱ्या प्रकारात आणखी एक गंमत आहे. तो व्हॉल्व्ह झोपला की एक्सायटर लॅम्पही विझतो. मग माणसं नवा दिवा शोधत फिरतात आणि जुना दिवा धडधाकट असतो. दिवा न लागल्यास आधी मीटरने त्याची तार तपासा.

उजेडातून येणाऱ्या घूंचं दुसरं कारण इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो. फोटोसेलवरचं पत्र्याचं झाकण हरवलेलं असतं आणि खोलीतला दिवा थेट आत डोकावत असतो. खोलीत अंधार करून बघा.

पत्ता धरूनही घूं तशीच राहिली तर उजेडाचा संबंध नाही. मग आवाजाचं बटण शून्यावर न्या. शून्यावरही घूं कायम असेल तर बिघाड बटणाच्या पुढे, बहुधा वीज गाळणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये. तिचा सूर ओळखीचा असतो, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी उभं राहिल्यावर ऐकू येतो तोच. बटण शून्यावर नेल्यावर घूं गेली तर ती बटणाच्या अलीकडून येते आहे. तिथे फोटोसेलपासून येणारी जाळीदार वेष्टणाची वायर असते. जुन्या काचेच्या फोटोसेलमधून निघणारा सिग्नल फार दुबळा असतो, त्या वेष्टणाचा अर्थिंगचा सांधा जरा सैल झाला की आजूबाजूची सगळी घूं तो गोळा करतो. सांधा घट्ट केला की काम संपलं.

आता रजई. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुम्हाला स्वतःच्या हाताने सर्वांत जास्त फरक इथेच दिसेल.

यंत्र बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर एक्सायटर लॅम्प काढा आणि उजेडात फिरवून बघा. काच आतून काळवंडलेली आहे का? तारेचं वेटोळं मध्ये झुकलं आहे का? झुकलेल्या तारेचा उजेड भिंगातल्या बारीक फटीवर नीट पडतच नाही, दिवा लख्ख दिसतो आणि आवाज दबलेला येतो. बदलायचा तर व्होल्ट, अँपिअर, बूड आणि तारेची उंची, चारही तंतोतंत जुळणारा घ्या. 'थोडा जास्त वॉटचा लावू, आवाज वाढेल' हा सल्ला ऐकू नका. पांढरा एलईडी लावायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. व्हॉल्व्हच्या जमान्यातले बरेच फोटोसेल अवरक्त प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात आणि पांढऱ्या एलईडीत तो नावालाच असतो. त्यामुळे डोळ्यांना दिपवणारा दिवा लावूनही आवाज मुका, असा प्रकार होतो.

मग भिंग. आधी फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. मऊ ब्रश फिरवा. त्यानंतर कापूस गुंडाळलेल्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंगाची दोन्ही टोकं पुसा, दिव्याकडचं आणि ढोलाकडचं. दिव्याकडचं टोक सगळे विसरतात आणि तेच काळं असतं. ढोलापलीकडे उजेड वळवणारा एखादा छोटा आरसा, लोलक किंवा पारदर्शक दांडी असेल, तिच्यावरही धुळीची साय धरलेली असते. दांडी प्लॅस्टिकची असेल तर तिला अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात. पाण्याने ओलसर केलेलं मऊ फडकं पुरे. ढोलावर इमल्शनचे, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराचे, खरबरीत खवले चिकटलेले असतील. ते लाकडी दात-कोरणीने अलगद सोडवा. ब्लेड किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावलात तर ढोलावर चरा पडेल आणि तो चरा पुढे प्रत्येक रिळावर रेघ ओढत राहील.

एवढं करून पुन्हा पत्ता फिरवा. मघाचा 'ठप्' आठवतोय ना? आता तो बहुधा दचकवेल इतक्या जोरात येईल.

तरीही 'स' आणि 'श' बोथट येत असतील तर भिंगाचा फोकस बघावा लागेल. भिंगाची नळी एका स्क्रूने आवळलेली असते. सैल करण्याआधी नळी आणि तिची बैठक यांवर सलग जाईल अशी पेन्सिलची रेघ मारा. ही रेघ मारल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका, एवढं माझं ऐका. नळी पुढे-मागे सरकली की फोकस बदलतो आणि गोल फिरली की उजेडाची रेघ पट्टीला तिरकी होते. दोन्हींनी वरचे सूर मरतात. टाळ-झांजा किंवा भरपूर 'स'कार असलेलं एखादं रीळ लावा, जे खराब झालं तरी वाईट वाटणार नाही असं, आणि केसभर सरकवत ऐका. एका जागी 'स' अचानक धार धरतो. तिथेच आवळा.

यात एक खोच आहे. १६ मिलिमीटरच्या सगळ्या प्रतींत इमल्शनची बाजू एकीकडेच नसते. काही प्रतींत ती पडद्याकडे, काहींत दिव्याकडे. फिल्मची जाडी मध्ये आल्यामुळे एका प्रकाराला जुळवलेला फोकस दुसऱ्याला किंचित चुकतो. काही यंत्रांवर यासाठी भिंगापाशी एक छोटी खटकी असते आणि ती भलत्या बाजूला राहिली की रजई आलीच. कोणती बाजू इमल्शनची, हे रिळाच्या कोऱ्या टोकावर ओलसर ओठ टेकवून कळतं: किंचित चिकटते ती. तुमच्या यंत्रावर ती खटकी असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती फिरवून बघा.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदाच्या आवाजाला ४५७ मिलिमीटर जागा मिळते, इथे १८३. सहा-सात हजार हर्ट्झच्या वर या पट्टीत फारसं काही नसतंच. थिएटरचा झणझणीतपणा शोधायला गेलात तर भिंग फिरवून फिरवून वेड लागेल.

डुचमळणाऱ्या होडीकडे येतो. खिडकीपाशी फिल्म एकेक चौकट थांबत, धक्के खात चालते, पण आवाजासाठी ती वाहत्या पाण्यासारखी सलग हवी. म्हणून आवाज चित्राच्या बरोबरीने छापत नाहीत, २६ चौकटी पुढे छापतात. म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. खिडकी आणि ढोल यांमधल्या खालच्या लूपने, म्हणजे फिल्मच्या सैल वळणाने, धक्के गिळायचे आणि उरलेसुरले ढोलाच्या दांड्यावरच्या फ्लायव्हीलने, म्हणजे जड चाकाने. या ढोलाला मोटर फिरवत नाही. त्याला फिल्मच फिरवते, निव्वळ घट्ट बिलगून. बिलगणं सुटलं की सूर सुटला.

मोटर बंद ठेवून, फिल्म न लावता फ्लायव्हीलला बोटाने फिरकी द्या. ते निवांत, आवाज न करता बराच वेळ फिरत राहायला हवं. दोन-चार फेऱ्यांत कुरकुरत थांबलं तर आतलं जुनं ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं झालं आहे. दांडा काढून ते पुसून घ्या आणि हलक्या यंत्रतेलाचा एक थेंब द्या. एकच. जास्तीचं तेल ढोलावर आणि तिथून फिल्मवर जातं. गंज सोडवायचा फवारा हे तेल नव्हे, तो मारू नका.

मग ढोलावर फिल्म दाबणारा रोलर. त्याचं रबर कडक झालं असेल, किंवा वर्षानुवर्षं एकाच जागी दबून एका बाजूने चपटं झालं असेल. चपट्या रोलरची खूण म्हणजे ठरावीक ठेक्याने येणारा हेलकावा. एकदा माझ्या हातून असं झालं की दोन रात्री मी एका अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर मोजत बसलो आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने बोट दाखवलं: हा दांडा उघडाच आहे की! रोलर बसवणारी खटकी मी फिल्म लावताना बंदच केली नव्हती. तेव्हापासून सूर हलतो म्हटलं की आधी मी बॅटरी घेऊन फिल्मचा मार्ग तपासतो, सोल्डरिंग नंतर.

रोलर आणि फ्लायव्हील ठीक असतील तर फिल्म गुंडाळणाऱ्या रिळावर संशय घ्या. त्याचा पट्टा धक्क्याने ओढत असेल तर तो धक्का ढोलापर्यंत पोचतो. खात्री करायची सोपी रीत आहे. फिल्मचं टोक त्या रिळाला न लावता एक-दोन मिनिटं खाली स्वच्छ चादर घातलेल्या टोपलीत पडू द्या. सूर स्थिर झाला तर चोर सापडला.

वेगही एकदा मोजा. २४च्या वेगाने मिनिटाला ३६ फूट फिल्म गेली पाहिजे. फालतू फिल्मवर ३६ फुटांच्या अंतराने कागदाच्या दोन चिकटपट्ट्या लावा आणि घड्याळ धरा. पट्टा घसरत असेल तर आकडा दर वेळी वेगळा येईल. मूकपटाच्या कमी वेगाचा खटका चुकून दाबलेला राहिला तर मात्र चूक अगदी सुरेल असते. १६च्या वेगावर गाण्याचा षड्ज नेमका मंद्र मध्यमावर जाऊन बसतो, १८वर मंद्र पंचमावर. बाबांच्या आवडीचा गायक अचानक खर्जात गाऊ लागला तर समजून जा.

यंत्राइतकाच दोष कधी रिळाचाही असतो. डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या फिल्मचा पारदर्शक पाया असलेला अ‍ॅसिटेट विघटू लागला आहे. ती आक्रसते, वाकडी होते आणि ढोलाला बिलगत नाही. नव्या फिल्मच्या शंभर चौकटी ७६२ मिलिमीटर भरतात. तुमच्या रिळाच्या शंभर चौकटी टेबलावर पसरून मोजा. आठ मिलिमीटर कमी भरल्या, म्हणजे एक टक्का आक्रसली, तर ती प्रोजेक्टरवर चालवू नका, भोकं फाटतील. असं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, कारण त्या वाफेने शेजारचीही आंबतात.

राहिली चौथी तक्रार, पंधरा-वीस मिनिटांनी आवाज बसण्याची. हिच्यासाठी मी अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेतो, पण तोही लगेच नाही. आवाज उतरू लागला की पहिल्यांदा एक्सायटर लॅम्पकडे बघा. आवाजाबरोबर तोही मंदावतो का? मंदावत असेल तर त्याच्या होल्डरचे काळे पडलेले संपर्क तापून ढिले पडताहेत किंवा त्याचा पुरवठा दमतो आहे. दिवा तसाच लख्ख असेल तर फिल्म थांबवून, काढून, पत्त्याची परीक्षा पुन्हा घ्या. 'ठप्'ही बसला असेल तर बिघाड फोटोसेलपासून पुढे, तापल्यावर उघडा पडणारा. व्हॉल्व्हवर पेन्सिलच्या लाकडी टोकाने हलकी टिचकी मारा. एखाद्यावर मारल्यावर आवाज एकदम परत आला किंवा घंटेसारखी किणकिण ऐकू आली तर तो व्हॉल्व्ह किंवा त्याची बैठक. यंत्र बंद करून थंड झाल्यावर तो दोन-चारदा काढून-घालून बघा. बैठकीतले गंजलेले संपर्क एवढ्यानेही साफ होतात.

इथे तुमचं काम थांबतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात २५० ते ४०० व्होल्टपर्यंतचा डीसी असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. खालचा पत्रा तुम्ही उघडू नका. व्हॉल्व्हच्या सेटवर हात बसलेला माणूस शोधा आणि त्याला 'आवाज येत नाही' असं मोघम सांगू नका. 'एक्सायटर लख्ख असताना, वीस मिनिटांनी, पत्त्याचा ठप् बसतो. बटण शून्यावर असताना घूं येते किंवा येत नाही' असं सांगा. एवढ्यावर जाणता माणूस थेट दोन-तीन सुट्या भागांपाशी जाईल. बहुधा व्हॉल्व्हच्या दोन टप्प्यांना जोडणारे जुने कागदी कंडेन्सर गळत असतील आणि इलेक्ट्रोलिटिक वाळले असतील. ते बदलणं रास्त आहे, आणि व्होल्टचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नको. 'सगळे व्हॉल्व्ह बदलू' म्हणणाऱ्याला मात्र विचारा, का? व्हॉल्व्ह सहसा लोक समजतात त्यापेक्षा जास्त टिकतात. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा.

आणि आजीचं रीळ.

त्याच्या कडा बघा. मला वाटतं दोन्ही बाजूंना भोकं दिसतील. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म आणली तेव्हा ती मुकीच होती, दोन्ही कडांना भोकं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिला आवाज मिळाला तो एका कडेची भोकं काढून, त्या जागी पट्टी छापून. पण घरगुती चित्रणासाठी दोन्ही कडांना भोकं असलेली फिल्म पुढेही कितीतरी वर्षं वापरात राहिली. तसल्या रिळात उजेडाच्या रेघेसमोरून आवाजाऐवजी भोकं जातात, चौकटीला एक, सेकंदाला चोवीस. तीच तुमची मोटारसायकल. यंत्र तिथे चुकत नाही, जे समोर आहे ते इमानाने वाचतं आहे. तसं असेल तर त्या रिळात आजी गाताना दिसेल, ऐकू येणार नाही, आणि ती कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. आवाजाचं बटण शून्यावर ठेवा, यंत्राला खटका असेल तर वेग १६ किंवा १८वर आणा. घाईघाईने हलणारे तिचे हात तिच्या नेहमीच्या चालीवर येतील.

पण असं ठरवण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. भोकांच्या बाहेर, अगदी कडेला, तपकिरी रंगाची मंद रेघ आहे का? टेपच्या फितीसारखी दिसते, बोटाला किंचित उंच लागते. काही घरगुती फिल्मवर नंतर चुंबकीय पट्टी चढवून आवाज भरत. तुमच्या यंत्राचा फोटोसेल ती वाचू शकत नाही, त्यासाठी चुंबकीय हेड असलेला प्रोजेक्टर लागतो. रेघ दिसली तर लोहचुंबक, स्पीकरची पेटी, मोटर यांपासून ते रीळ दूर ठेवा. तसा प्रोजेक्टर कुणाकडे मिळाला तर त्यावरचं लाल रेकॉर्डिंगचं बटण कुठे आहे ते आधी विचारून घ्या आणि त्यावर कागद चिकटवा, कारण ते एकदा दाबलं गेलं की आधीचं पुसलं जातं. मग मला कळवा, रेघ आहे की नाही. तोवर ते रीळ पुन्हा लावू नका.